पाण्यात संताजी-धनाजी

उन्हाळ्याच्या सुट्टीत पंडरीला, रायपूरच्या आमच्या घरी गेलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत लायब्ररीतलं चिनी म्हणींचं एक पुस्तक होतं आणि डोक्यात एक शत्रू होता.

हा शत्रू आपल्याच शाळेतला, दुसऱ्या हाउसचा. सातवीत आमचे पलंग शेजारी होते. यंदा ऑब्स्टॅकल कोर्समध्ये दोरावरून माझा हात सुटला, मी चिखलात पडलो आणि तो हसला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. मेसमध्ये तो कोणाशी कुजबुजला की वाटायचं, माझ्याबद्दलच बोलतोय. एकदा पॉलिशची डबी सापडेना, तेव्हा मनात त्याचंच नाव आलं. डबी निघाली माझ्याच पलंगाखाली.

रायपुरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरं आहेत. आम्हीही बाहेर हिंदी-छत्तीसगढी बोलतो, पण घरात मराठीच. आजोबा पूर्वी पंडरीच्या कापड मार्केटमध्ये एका दुकानाचे हिशेब लिहीत. दुपारी कूलरसमोर बसून मी त्यांना पुस्तक वाचून दाखवायचो.

चिनी म्हणी बहुधा चार अक्षरांच्या असतात आणि कित्येकींच्या मागे एखादी लढाई असते. इ. स. 383 मध्ये फेई नदीच्या लढाईत फू जियान राजाचं प्रचंड सैन्य हरलं. धास्तावलेल्या राजाला डोंगरावरची झाडं-गवतही शत्रूचे सैनिक वाटली. म्हण झाली : ‘गवत आणि झाडं, सगळे सैनिक’.

आजोबा हसले. “अरे, हे तर आपले संताजी-धनाजी! मोगलांची घोडी पाणी प्यायला बिचकली, की स्वार विचारायचे म्हणे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का?”

मला पॉलिशची डबी आठवली. मी घाईने पान उलटलं.

पुढची म्हण होती ‘भांडी फोडा, नावा बुडवा’. इ. स. पूर्व 207 मध्ये शियांग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि फक्त तीन दिवसांची शिधासामग्री ठेवली.

“सिंहगड!” मी ओरडलो. 4 फेब्रुवारी 1670. तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्याच जोशात मी आजोबांना माझ्या शत्रूबद्दल सांगितलं. “मीपण दोर कापून टाकलेत.”

आजोबांनी चष्मा काढला. “सूर्याजीने गड घेण्यासाठी दोर कापले. तू कुठला गड घेतलास?”

मला उत्तर सुचलं नाही.

शाळेत परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी त्याला हाक मारली. विचारलं, “त्या दिवशी का हसलास?”

तो म्हणाला, “सगळेच हसले. पण उचलायला मीच आलो होतो. तू माझा हात झटकलास.”

मला त्याचं हसणं आठवत होतं. हात अजिबात आठवत नव्हता.

पुढच्या वेळी ऑब्स्टॅकल कोर्समध्ये त्याला हरवायचं आहेच. हाउस वेगळं आहे ना! सध्या मात्र रोज संध्याकाळी तोच मला दोरावर पाय कसा अडकवायचा ते शिकवतो.