सामाईक पालकत्व आणि एकाचे स्थलांतर

विभक्त आईवडिलांपैकी एकाने नोकरीनिमित्त पुण्याहून बंगळुरूला जायचे ठरवले आणि मूल सेरेब्रल पाल्सी असलेले, म्हणजे मेंदूच्या विकासकाळातील इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडलेले असेल, तर प्रश्न केवळ भेटीच्या वारांचा राहत नाही. पायाला स्प्लिंट चढवताना टाच नीट मागे टेकली आहे ना हे पाहणे, पहिला घास गिळल्याखेरीज दुसरा न भरवणे, कण्हण्यातला भुकेचा आणि दुखण्याचा सूर वेगळा ओळखणे, हे सारे सरावाने हातात बसलेले ज्ञान असते आणि ते व्हिडिओ कॉलवरून कामी येत नाही. १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला पाल्यास अधिकारक्षेत्राबाहेर नेण्यासाठी परवानगी घ्यावी लागते. स्वतःच दूर जाणाऱ्या पालकावर मात्र हे कलम कोणतेही बंधन घालत नाही, आणि वाढत्या मुलाला उचलण्याचा, रात्री त्याची कूस बदलण्याचा सगळा भार मागे राहणाऱ्यावर पडतो, ही उणीव गंभीरच मानली पाहिजे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्थानिक स्तर समिती पालक नेमते. तेव्हा अर्जात कोणाचे नाव सुचवायचे, हे दोघांनी सामान बांधण्याआधीच ठरवलेले बरे.