किती तास झाले?

२००८ च्या डिसेंबरात मी एकोणीस वर्षांची होते, एस.वाय.ला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात कॉट बेसिसवर राहायचे. मालकीणबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आम्ही पोरी त्यांना माई म्हणायचो आणि टरकूनही असायचो. साडेनवाला दार बंद, गिझर पंधरा मिनिटं, मित्र फाटकाबाहेर.

निरोध फाटला, हे कुणाला सांगायचं? गोळीचं नाव ठाऊक होतं, टीव्हीवर जाहिरात यायची म्हणून. ती लागली की बाबा चॅनेल बदलायचे. त्यामुळे नाव तेवढं कळलं, पुढचं राहिलं. शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम तर राज्य सरकारने २००७ मध्येच थांबवला होता.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेले. "लग्न झालंय का? डॉक्टरांची चिठ्ठी आणा." ही गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, हे दुकानदाराला माहीत असणारच, मला नव्हतं. मागे एक काका खोकल्याच्या औषधासाठी ताटकळले होते. मी क्रोसिनची स्ट्रिप घेऊन परत आले.

मोरीपाशी रडताना माईंनी गाठलं. मी अर्धंमुर्धं बोलले. मुलगा कोण, कुठला, घरी माहीत आहे का, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. एकच विचारलं, "किती तास झाले?"

"वीस."

"मग वेळ आहे. बहात्तर तासांच्या आत घ्यायची. पण बहात्तर आहेत म्हणून बसून राहायचं नाही. जितकी लवकर, तितकी बरी."

चपला घालून त्या मला त्याच दुकानात घेऊन गेल्या. "कुणासाठी?" दुकानदाराने विचारलं. सत्तरीला टेकलेल्या माई म्हणाल्या, "मलाच हवीय. काही अडचण?" गोळी मुकाट्याने काउंटरवर आली.

गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. म्हणून माई ते दोन तास माझ्या कॉटवर मेथी निवडत बसल्या. मी भीतभीत विचारलं, हा गर्भपात तर नाही ना?

"छे! बीज बाहेर पडायलाच उशीर होतो. राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. आणि हे बघ, रोगांपासूनही ती वाचवत नाही. ही अडीनडीची आहे, दर महिन्याची नव्हे."

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. सत्याऐंशी वर्षांनी मला तीच साधी माहिती मेथीच्या जुडीबरोबर मिळत होती. आज माझ्या विद्यार्थिनींच्या हातात मोबाइल आहे, तरी त्यांचाही पहिला प्रश्न गर्भपाताचाच असतो.

माईंनी कालनिर्णयावर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला पेन्सिलीने टिंब दिलं. तोवर पाळी आली नाही, तर तपासणी करायची. पाळी चार दिवस उशिरा आली. मी सांगायला गेले, तर माईंनी खोडरबराने टिंब पुसलं आणि म्हणाल्या, "गिझरचे पैसे राहिलेत तुझे."

गिझरचे दिले. गोळीचे त्यांनी शेवटपर्यंत घेतले नाहीत.