झील धरणारे

घाटकोपरचं चिरागनगर. अण्णाभाऊ साठे इथल्या झोपडीत वर्षानुवर्षं राहिले. 'फकिरा'चे लेखक म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, पण गाणाऱ्या त्रिकुटातले अण्णाभाऊ मागे पडलेत. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

•

त्याच सुमारास अमेरिकेत मिल्स ब्रदर्स हे गायक ऐन भरात होते. १९४३ मध्ये त्यांचं 'पेपर डॉल' हे गाणं तिकडे घरोघर वाजत होतं. चार आवाज, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि गाणं मायक्रोफोनला खेटून, हळुवार. माइक नसता तर ती गोडी कानापर्यंत पोचलीच नसती. आपल्या शाहिरांपुढे मात्र गिरणी कामगारांच्या सभा. तिथे आवाज फेकावाच लागे, आणि अमर शेखांचा पहाडी आवाज शेवटच्या माणसापर्यंत जाई.

•

तरी एकट्याच्या गळ्यावर पोवाडा उभा राहत नाही. शाहीर ओळीच्या शेवटाला येतो, झीलकरी ती शेवटची अक्षरं वरच्यावर झेलतात, 'जी जी रं जी' म्हणत लांबवतात. तेवढ्यात शाहिराचा दम भरून होतो, डफावर थाप पडते, पुढची ओळ सुटते. दोन-तीन कडव्यांत समोरचे लोकही झील धरू लागतात. मला या पथकाची खरी ताकद इथेच दिसते. मिल्स बंधूंचं गाणं ऐकत राहावं. हे गाणं ऐकणाऱ्यालाच गायला लावतं.

•

'माझी मैना गावावर राहिली': अण्णाभाऊंची लावणी, अमर शेखांचा गळा. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झालेला मुंबईतला कामगार, आणि त्या विरहातच महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव-कारवार. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये तिने लोक हलवले. एवढं राजकारण इतक्या मायेने सांगणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

•

मिल्स बंधूंपैकी थोरला १९३६ साली वारला, तेव्हा त्याच्या जागी वडील गायला उभे राहिले. इथे तसं झालं नाही. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले, २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले.

•

१ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती. घाटकोपर-मुलुंडच्या मंडळांना विनंती: यंदा स्पीकर थोडा वेळ बंद ठेवा. वस्तीतल्या एका मुलीच्या हाती डफ द्या आणि तिच्यामागे चार पोरं झिलीला उभी करा.