राणीच्या राज्यांतील प्रेमकथा

दुपारचीं जेवणें आटोपून स्वयंपाकघर आवरलें, कीं किन्हीराजाच्या आमच्या घरीं माजघरांत आम्हां सुनांची वाचनाची बैठक बसते. पुस्तक हल्लींचें, पण कथा व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ च्या अमदानींतली. नायिका गरीब पण मानी, नायक श्रीमंत पण हेकट. दोघांनीं दोनशें पानें भांडावें आणि अखेरीस लग्न करावें, हा ठरलेला क्रम. तरी धाकट्या जाऊबाई वाचूं लागल्या, कीं निवडावयास घेतलेले गहूं सुपांत तसेच राहतात!

ह्या छंदाची आम्हांस लाज वाटत नाहीं. त्याच काळांतील रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांनीं आपल्या वाडवडिलांनाहि वेड लावलें होतें. हरिभाऊ आपट्यांच्या १८८५ च्या ‘मधली स्थिति’ला त्याचाच आधार होता, गो. ना. दातारांनीं तर त्याच्या कथांना मराठी पेहराव चढवून कित्येकांची झोंप उडविली.

परंतु एके दिवशीं नायिका मेजवानीसाठीं सुती झगा निवडीत असतां आजेसासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, “अगं, तो कापूस कुठला?”

आम्ही निरुत्तर झालों. १८५३ सालीं वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनी सरकारकडे गेला. १८६१ ते १८६५ च्या यादवीमुळें अमेरिकेचा कापूस अडला, तेव्हां मँचेस्टरची दृष्टि इकडे वळली. १८७० सालीं खामगांवला आगगाडी पोंचली, तीहि कापसाच्या गांठींसाठीं. आणि राणीच्या अखेरच्या दिवसांत, १८९९–१९०० मध्यें, वऱ्हाडांत भीषण दुष्काळ पडला. त्याच्या सासूबाईंकडून ऐकलेल्या हकीकती आजेसासूबाईंनीं त्या दुपारीं सांगितल्या. पुस्तक मिटलेलेंच राहिलें.

दुसऱ्या दिवशीं तें उघडण्याचा आम्हांस धीर होईना. तेव्हां त्याच म्हणाल्या, “त्या पोरीचं लग्न लागलं कीं नाहीं? मी कापसाचं विचारलं. गोष्ट बंद करा म्हटलं नव्हतं!”

ह्या एका वाक्यानें आमच्या मनाची टोंचणी गेली. गोष्टीनें मन रिझवावें, हें योग्यच. मात्र त्या झग्याचें सूत कदाचित् आपल्याच शिवारांतलें असेल, ही आठवण असूं द्यावी. कथेंत जें आलें नाहीं, तें घरांतील वडील माणसें सांगतात. एकट्यानें वाचणाऱ्यास हा लाभ कोठून मिळणार?

लग्न यथासांग लागलें, हें सांगणें नलगे. गहूं मात्र अजून निवडावयाचे आहेत.