देवल मास्तरांची उसनवारी

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या कुणालाही 'छापणे' या क्रियापदाचा अर्थ सांगावा लागत नाही. जर्नल छापतात, असाइनमेंट छापतात, सबमिशनच्या आदल्या रात्री तर चुकांसकट छापतात! त्यामुळे गॅदरिंगच्या मीटिंगमध्ये मी गोविंद बल्लाळ देवलांचं 'झुंझारराव' सुचवलं, तेव्हा पाठीमागून लगेच आवाज आला, "म्हणजे ऑथेल्लो छापलाय की!" सगळे हसले. तिथे उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथे देतेय.

आधी देवलांवरचा आरोप पूर्णच सांगून टाकते. सांगलीजवळच्या हरिपूरचे हे गृहस्थ (1855-1916). एकूण नाटकं सात, आणि त्यातली सहा दुसऱ्याची! 'मृच्छकटिक' शूद्रकाचं, 'विक्रमोर्वशीय' कालिदासाचं, 'शापसंभ्रम' बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून, 'दुर्गा' आणि 'झुंझारराव' इंग्रजीवरून, आणि 'संशयकल्लोळ' मूळ मोलिएरचं, इंग्रजीमार्गे आलेलं. पूर्णपणे स्वतःचं म्हणावं असं एकच, 1899 चं 'शारदा'. सातात एक ओरिजिनल. आमच्या व्हायव्हात गेले असते तर संपलंच!

पण छापणारा काय करतो? समोरचं जसंच्या तसं उतरवतो, समजो वा न समजो. देवलांना ते परवडणारं नव्हतं, कारण ते नुसते लेखक नव्हते. ते तालीममास्तर होते, म्हणजे आजच्या भाषेत दिग्दर्शक. गुरू अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत त्यांनी नट घडवले. बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांसारखे त्यांच्या हाताखाली शिकले. आज कागदावर लिहिलेलं वाक्य उद्या नटाच्या तोंडात बसवायचं आणि परवा तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर म्हणवून घ्यायचं. तिथे न पचलेलं वाक्य लगेच पकडलं जातं.

'संशयकल्लोळ'च बघा. मोलिएरच्या नाटकातली तरुणी घरंदाज घरातली. तिला भोवळ येते, प्रियकराची तसबीर खाली पडते, आणि मग नवरा-बायकोच्या संशयाचा गोंधळ उडतो. देवलांनी भोवळही ठेवली, तसबीरही ठेवली, पण तरुणीला मघा नायकिणीची मुलगी रेवती केलं. मला वाटतं, त्या काळच्या घरंदाज मुलीचा प्रियकर इथल्या प्रेक्षकांना पटलाच नसता. आणि नावं? फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती, भादव्या... महिने आणि नक्षत्रं! आख्खं पंचांग संशयाने पछाडलेलं. हे कुठून छापणार?

'झुंझारराव' (1890) मध्ये ऑथेल्लोचा झुंझारराव झाला, डेस्डिमोनाची कमळजा. तो गाजवला गणपतराव जोशींनी, 'शाहूनगरवासी नाटक मंडळी'त. मी सातारची, त्यामुळे हे नाव वाचून कॉलर ताठ झाली. शाहूनगर म्हणजे आमचं सातारा! याच गणपतरावांचा हॅम्लेटही गाजला, आणि तो मराठीत आणला होता कराडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी, 'विकारविलसित' (1883) या नावाने. म्हणजे सांगली-सातारच्या माणसांनी शेक्सपिअरला आपल्या पंगतीला बसवून शंभराहून जास्त वर्षं झाली. तिकडे जॉर्जियात रॉबर्ट स्तुरुआ यांनी 1979 मध्ये 'रिचर्ड तिसरा' जॉर्जियन भाषेत बसवला, आणि तो थेट शेक्सपिअरच्या देशात नेऊन दाखवला. तिथल्या लोकांनी तो डोक्यावर घेतला. छापलेलं कुणी असं डोक्यावर घेत नाही.

मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीत बोललं की दंड असायचा. ऑथेल्लो आम्हाला इंग्रजीत होता, गोष्टीरूपात. प्रश्नोत्तरं पाठ, मार्क चांगले. पण इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत आणायचा म्हटलं की पहिल्याच पानावर पेन अडतं. कमळजा नवऱ्याला काय म्हणेल, 'अहो' की 'तुम्ही' की नुसतंच 'इकडे'? संशय आल्यावर त्याच्या बोलण्यातला लाड कुठल्या वाक्यात संपेल? हे ठरवायचं तर आधी ते दोघे कोण आहेत ते कळायला हवं. मार्कांसाठी ते कळण्याची गरज कधी पडली नव्हती.

दिवाळीत आजीने विचारलं, "तू नेमकं शिकतेस तरी काय गं?" मी 'मेटल फटीग'ची व्याख्या तोंडपाठ म्हणून दाखवू शकले असते. त्याऐवजी तिला म्हटलं, "आजी, तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिलं की जोर न लावताही तुटते ना? ती का तुटते, ते." आजीला कळलं. सांगता सांगता मलाही जरा जास्तच कळलं.

देवल मास्तरांनी सहा वेळा हेच केलं. आपण एकदा करून बघायला काय हरकत आहे?