खालिद जमीलची बाजू

मुंबई एफसीचा प्रशिक्षक असतानाचं खालिद जमीलचं फुटबॉल मला सोसत नसे. रविवारी डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसटी गाठायचं, तिथून कूपरेज, आणि पाहायचं काय? मुंबई एफसीची आठ-नऊ माणसं आपल्याच गोलापुढे, पुढे भिरकावलेले लांब चेंडू आणि बरोबरी. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून हाच माणूस मधल्या फळीत खेळला, यावर विश्वास बसत नसे. परदेशी प्रशिक्षक आणा, हे आमच्या कट्ट्यावर सर्वांत मोठ्याने मीच म्हणायचो.

2009 ते 2016 जमील मुंबई एफसीतच राहिला. क्लबकडे पैसा बेताचा, तरी त्या काळात संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. मला हे तेव्हा फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. 2016-17ला तो ऐझॉलला गेला. आदल्या मोसमात घसरलेला हा संघ गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे आय-लीगमध्ये परतला होता. मुंबई एफसीतले जयेश राणे, आशुतोष मेहताही तिकडे गेले. एप्रिल 2017मध्ये मोहन बागानला 1-0 हरवून पुढच्या सामन्यातल्या बरोबरीवर ऐझॉलने लीग जिंकली. जिंकणाऱ्याच्या मागे काय, कुणीही जातं. मी मात्र गुणतक्त्याच्या तळाशी अडकलो: तिथे शेवटच्या क्रमांकावर मुंबई एफसी. तो गेल्यावर पहिल्याच मोसमात! ती कंटाळवाणी बरोबरी किती कष्टाची होती, हे तेव्हा उमगलं.

पुढे नॉर्थईस्ट, जमशेदपूर हे क्लब. ऑगस्ट 2025मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला; साव्हियो मदेरानंतर पूर्णवेळ नेमलेला पहिलाच भारतीय. मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपात ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळाला, तेव्हा कट्ट्यावर चहा माझ्याकडून. ऑक्टोबरात पात्रता फेरीत मडगावला आपल्या छांगतेच्या गोलने आघाडी घेऊनही सिंगापूरकडून 2-1 हरलो, आशिया कप हुकला. मंडळी लगेच जुन्या सुरात: परदेशी आणा.

मी नाही म्हणतो. पण वकिली करताना एक गोष्ट मलाही टोचते. क्लबात रोज सकाळी तीच पोरं मैदानावर मिळायची, तेच तेच घोटून घ्यायला. राष्ट्रीय संघात खेळाडू सामन्याआधी थोडेच दिवस हाती येतात. मुंबईत त्याला सात वर्षं मिळाली होती. इथे महासंघ तेवढा धीर धरेल, असं मला वाटत नाही.