झीज

वसईच्या आमच्या जुन्या घरी माळ्यावर एक लांबट पेटी असे. तिला हात लावण्याची आम्हा दोघा भावांना परवानगी नव्हती. गावात कुणाचे लग्न निघाले, की वडील ती खाली उतरवीत, कड्या उघडीत आणि आतील बेस गिटार मऊ फडक्याने पुसून घेत. तो सोहळा आम्ही चार हात दूर उभे राहून पाहत असू.

वडील व्यापारी बोटीवर नोकरीला होते. १९७४ साली अमेरिकेतील एका बंदरात, जुन्या वस्तूंच्या दुकानात, त्यांनी ही फेंडर कंपनीची 'प्रिसिजन' बेस विकत घेतली. आईच्या बांगड्यांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम तिच्यात गेली, हे पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरात ऐकू येत असे. मात्र मांडवात बँड सुरू झाला, की आईच सर्वांत पुढे बसलेली असे.

बेस गिटारकडे ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. तिला चार जाड तारा. ती गाणे गात नाही, गाण्याला जमीन देते. पूर्वी हे काम माणसाच्या उंचीच्या डबल बेसकडे होते. ते वाद्य वाहून नेणे कठीण, आणि बँडच्या गजरात त्याचा आवाज बुडून जाई. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी यावर उपाय शोधला. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. १९५१ साली त्यांनी भरीव लाकडाची, विजेवर वाजणारी, दांडीवर धातूचे पडदे बसविलेली बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे सूर नेमका लागे, म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता.

वडील १९९६ साली गेले. दोन वर्षांनी धाकट्याचे लग्न ठरले, तेव्हा बाबांचे वाद्य मांडवात वाजलेच पाहिजे, असे आम्ही ठरविले. पेटी उघडली. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेने स्क्रूंना गंज चढला होता. बटण फिरविले की खरखर होई. अंगावरचा रंग जागोजाग उडालेला. उजवा हात टेकतो तेथे तर लाकूड उघडे पडून काळपट गुळगुळीत झाले होते. आम्हाला ते सारे दारिद्र्याचे लक्षण वाटले. वडिलांचा मान राखायचा, तर त्यांचे वाद्य नव्यासारखे दिसले पाहिजे, अशी आमची समजूत होती.

चार स्क्रू काढून आम्ही दांडी सोडविली. तिच्या टोकाला शाईचा एक शिक्का दिसला: फेब्रुवारी ६३. त्याचे महत्त्व न कळून आम्ही दांडी जुन्या लुंगीत गुंडाळून कपाटात ठेवली आणि नुसते धड घेऊन फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडे गेलो. त्याने आमच्या सांगण्यावरूनच पॉलिश पेपर मारून जुना रंग साफ उतरविला आणि आरशासारखे चकचकीत पॉलिश चढविले. आतील खरखरणारी बटणे आम्ही फेकून दिली आणि नवी बसविली.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाद्य आईपुढे ठेवले. तिने ते मांडीवर घेतले, पुढल्या बाजूवरून हात फिरविला, पुन्हा फिरविला. मग हळूच विचारले, "बाबांचा हात कुठं टेकायचा रे?"

आम्ही निरुत्तर झालो. ती जागा आता कुठेच नव्हती.

पुढे या वाद्यांविषयी जे मिळेल ते आम्ही वाचीत गेलो, आणि आपण काय करून बसलो हे उमगत गेले. लिओ फेंडर यांनी आपला व्यवसाय जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या मोठ्या कंपनीला विकला. त्याआधीची वाद्ये संग्राहक विशेष मोलाची मानतात. अशा वाद्याचा मूळ रंग काढून नवा चढविला, तर त्याची किंमत साधारणपणे निम्म्यावर येते. फेकून दिलेल्या बटणांच्या पाठीवर कारखाना, वर्ष आणि आठवडा सांगणारे आकडे ठोकलेले असतात. ती वाद्याची जन्मनोंदच म्हणायची. आणि ती खरखर? आतील धूळ औषधाने धुतली असती, तर बहुधा गेली असती.

पैशाचे दुःख आम्हाला फारसे झाले नाही, कारण विकायचे कधीच नव्हते. बोचले ते दुसरेच. ज्याला आम्ही खराबी समजलो ती वडिलांच्या वीस-बावीस वर्षांची हजेरी होती. ती आम्ही आमच्या हाताने, वर मजुरी देऊन, पुसून टाकली.

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना बेसची साथ देणारे जेम्स जेमर्सन १९६२ सालची प्रिसिजन वाजवीत. तार तुटल्याशिवाय ते ती बदलीत नसत. मळलेल्या जुन्या तारांचा तो घुमटदार आवाजच त्यांना हवा असे. १९८३ साली त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी ते वाद्य चोरीस गेले. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली जर्मन बनावटीची हॉफ्नर बेस १९७२ साली लंडनमध्ये चोरीस गेली, आणि ती परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. ती दुरुस्तीला आली होती, पण तिला नवा रंग द्यावा असे कुणाच्या मनात आले असेल, असे वाटत नाही.

२००४ साली मुंबईतील एका वादकाच्या कुटुंबाकडून तशीच व्हायोलिनच्या आकाराची एक जुनी हॉफ्नर आमच्याकडे आली. तिचे अंग आतून पोकळ. पावसाळ्यांनी पाठीचा सांधा उकलला होता. या वेळी आम्ही घाई केली नाही. व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे ती नेली. त्यांनी सरस गरम केला, सांध्यात भरला आणि वाद्य दोन दिवस शिकंजात ठेवले. आधुनिक गोंद अधिक पक्का नाही का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "पक्का आहे, म्हणूनच नको. सरस ऊब आणि ओल दिली की सुटतो. उद्या माझी चूक निघाली, तर पुढच्याला ती दुरुस्त करता आली पाहिजे."

तेव्हापासून हाच आमच्या घरचा नियम झाला. वाद्य वाजते व्हावे एवढेच करायचे, आणि जे करू ते पुढे उलटविता यावे. काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक तारेचा तुकडा पाकिटात घालून, वर तारीख लिहून, पेटीतच ठेवायचा. हॉफ्नरवरचे ओरखडे जसेच्या तसे आहेत. ते कुणाचे आहेत हे आम्हाला ठाऊक नाही, पण कुणाचे तरी आहेत.

बाबांच्या वाद्याचे मात्र काय करावे, हे सुचत नव्हते. एकदा तारा बदलण्यासाठी दांडी पुन्हा सोडविली, तेव्हा ती बसते त्या खाचेत जुन्या लाल रंगाची बोटभर पट्टी दिसली. पॉलिशवाल्याचा कागद तेथवर पोहोचला नव्हता. मग लक्षात आले, की दांडी तर कपाटातच राहिली होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

आईला त्या वेळी नीट दिसत नव्हते. आम्ही नुसती दांडी तिच्या हातात दिली. तिने मागील बाजूने अंगठा सावकाश वर नेला. वरच्या पडद्यांमागे, जेथे लॅकर झिजून लाकूड रेशमासारखे झाले आहे, तेथे तो थांबला.

"हा त्यांचा," ती म्हणाली, आणि बराच वेळ तिने दांडी परत दिली नाही.

आई जाऊनही आता बरीच वर्षे झाली. हल्ली ती बेस धाकट्याची मुलगी वाजविते. वाजवून झाल्यावर तारा पुसायच्या, एवढे आम्ही तिला शिकविले आहे. दांडीची मागची बाजू मात्र पुसू नकोस, असे सांगितले आहे.